लक्सरच्या सहा मिनिटांची तालीम सोलापुरात

जुळे सोलापुरात राहणाऱ्या एका शिक्षक दांपत्याने २ ऑगस्ट २०२७ च्या खग्रास सूर्यग्रहणाविषयी काही प्रश्न विचारले आहेत. त्यांच्याबरोबर आठ आणि तेरा वर्षांची दोन मुले आणि सत्तरीला टेकलेल्या आजी असतील. त्या दिवशी आपल्याकडूनही थोडेफार ग्रहण दिसण्याची शक्यता असताना इजिप्तपर्यंतचा खर्च करावा का, करायचाच असेल तर जागा कोणती निवडावी, चष्मे कोणते घ्यावेत, नव्याने घेतलेल्या कॅमेऱ्याचा आणि मोठ्या लेन्सचा उपयोग होईल का आणि तयारीला केव्हापासून लागावे, असे ते प्रश्न आहेत. हौशी निरीक्षकांचे गट घेऊन मी बरीच वर्षे ग्रहणांच्या मागे हिंडत आलो आहे. त्या अनुभवावरून उत्तर लिहितो आणि ज्या मुद्द्यांवर लोक हमखास अडतात तिथे थोडा अधिक थांबतो.

पहिला प्रश्न खर्चाचा आहे आणि त्याचे उत्तर खंडग्रास व खग्रास यांतील फरकावर अवलंबून आहे. सूर्याभोवतीचा प्रभामंडळ, ज्याला आपण करोना म्हणतो, तो सूर्यबिंबाच्या सुमारे दहा लाखाव्या भागाइतकाच तेजस्वी असतो. म्हणजे ९९ टक्के सूर्य झाकला गेला, तरी उरलेला एक टक्का त्या प्रभामंडळाच्या दहा हजार पट तेजस्वी असतो आणि त्याला पूर्णपणे झाकोळून टाकतो. त्यामुळे ९९ टक्क्यांच्या ग्रहणात खग्रासाचा ९९ टक्के अनुभव मिळतो, हा समज साफ चुकीचा आहे. त्यात आकाश काळवंडत नाही, तारे दिसत नाहीत, प्रभामंडळ तर दिसतच नाही. ऊन विचित्रपणे फिके पडते, एवढेच. सोलापूरकरांना हे नव्याने सांगावे लागू नये. १६ फेब्रुवारी १९८० चा खग्रास पट्टा, म्हणजे जिथून सूर्य पूर्ण झाकलेला दिसतो ती जमिनीवरची पट्टी, अंकोला, हुबळी, रायचूर असा आपल्या दक्षिणेकडून गेला आणि सोलापुरात सूर्याचा फार मोठा भाग झाकला गेला; तरीही ज्यांनी ते गच्चीवरून पाहिले आणि ज्यांनी रायचूर गाठले, त्यांच्या आठवणी एकाच घटनेच्या वाटत नाहीत. पुढे २६ डिसेंबर २०१९ ला सकाळी आणि २५ ऑक्टोबर २०२२ ला मावळत्या सूर्याबरोबर आपण जे पाहिले, तेही खंडग्रासच होते. २०२७ च्या ग्रहणात भारताच्या पश्चिम भागातून दुपार कलल्यावर जे दिसेल तेही खंडग्रासच आहे, शिवाय ते ऐन पावसाळ्यात आहे. म्हणून खर्च करायचा असेल तर तो खग्रास पट्ट्याच्या आत पोहोचण्यासाठीच करावा. पट्ट्याच्या काठापर्यंत जाऊन थांबण्यात अर्थ नाही.

हे ग्रहण सामान्य खग्रास नाही, हेही लक्षात घ्यावे. चंद्र पृथ्वीच्या बऱ्याच जवळ, सूर्य जुलै-ऑगस्टमुळे तुलनेने लांब आणि पट्टा विषुववृत्तापासून फार दूर नाही, असे तिन्ही योग एकत्र आल्याने खग्रास अवस्था जास्तीत जास्त ६ मिनिटे २३ सेकंदांची आहे. २२ जुलै २००९ चे ग्रहण ६ मिनिटे ३९ सेकंदांचे होते; त्यानंतर या शतकात २०२७ इतके लांबलेले दुसरे खग्रास नाही. खग्रास ग्रहणे बहुधा दोन-चार मिनिटांत आटोपतात, त्यामुळे पहिल्यांदा पाहणाऱ्या कुटुंबासाठी हा फार उदार वेळ आहे.

आता जागा. पट्टा अटलांटिकवर सुरू होऊन जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीवरून स्पेनच्या दक्षिण टोकाला आणि मोरोक्कोच्या उत्तरेला स्पर्श करतो, मग अल्जीरिया, ट्युनिशिया, लिबिया आणि इजिप्त ओलांडून तांबड्या समुद्रापलीकडे जेद्दा आणि मक्केवरून येमेन आणि सोमालियाकडे उतरतो. काठाजवळच्या मालागात खग्रास अवस्था दोन मिनिटांहून किंचित कमी आहे आणि तांजियेरला पावणेपाच मिनिटांच्या पुढे आहे. जेद्दात ती सहा मिनिटांच्या आसपास, तर इजिप्तमध्ये नाईलकाठच्या लक्सर शहरात सहा मिनिटे वीस सेकंदांच्या आसपास आहे. लोक या आकड्यांकडे पाहून जागा ठरवतात. मी आधी ढगांचा नकाशा पाहतो आणि आकडे नंतर. निरभ्र आकाशातली दोन मिनिटे ढगाखालच्या सहा मिनिटांपेक्षा केव्हाही अधिक मोलाची असतात. २००९ चे शतकातले सर्वांत लांब ग्रहण सुरतेपासून पाटण्यापर्यंत आपल्या देशावरून गेले, पण ते जुलैच्या पहाटे होते. बिहारमधल्या ज्या तारेगनाची वर्तमानपत्रांत सर्वाधिक चर्चा झाली तिथे जमलेल्यांना ढगच पाहावे लागले आणि वाराणसीच्या घाटांवर मात्र लोकांनी ते व्यवस्थित पाहिले. ११ ऑगस्ट १९९९ ला भूजपासून श्रीकाकुलमपर्यंत बहुतेकांच्या वाट्याला असेच मळभ आले होते. लक्सरची गोष्ट या बाबतीत वेगळी आहे. ऑगस्टमध्ये तिथे ढग हा अपवाद असतो आणि सर्वांत लांब खग्रास अवस्थाही जवळपास तिथेच आहे. जेद्दात समुद्राकाठची दमट धूसरता आणि उडणारी धूळ यांचा त्रास संभवतो आणि मक्केत मुस्लिमेतरांना प्रवेश नाही. सामुद्रधुनीच्या काठी कधी कधी खालून ढगांचा थर येतो. स्पेनचा उन्हाळा सुखाचा आहे आणि आजींच्या दृष्टीने तो मोठा फायदा आहे, हे मान्य. तरीही केवळ ग्रहणाचा विचार केला तर मी आपल्याला नाईलच्या काठावरचीच जागा सुचवेन.

इथे एक इशारा देणे आवश्यक आहे, कारण या बाबतीत अनेकांची फसगत होते. ग्रहण इजिप्तमध्ये आहे म्हणजे ते कैरोतून दिसेल असे नाही. कैरो आणि गिझाचे पिरॅमिड खग्रास पट्ट्याच्या बाहेर आहेत. तिथे ते खंडग्रासच राहील. कैरो ते लक्सर हे अंतर सुमारे साडेसहाशे किलोमीटरचे आहे, म्हणजे ग्रहणाच्या सकाळी कैरोहून निघून वेळेवर पोहोचू, असा बेत कोणी आखून दिला तर तो स्वीकारू नये. निदान दोन रात्री आधी पट्ट्याच्या आत मुक्काम असावा. लक्सरमधली हॉटेले आवाक्याबाहेर गेली असतील, तर उत्तरेकडचे केना किंवा सोहाग हीदेखील पट्ट्यातीलच शहरे आहेत. तिथे काही सेकंद कमी मिळतील, इतकाच फरक. सहल कंपनीच्या पत्रकात केवळ इजिप्त असे लिहिलेले असेल तर त्यांना दुपारी एक वाजता आम्ही नेमके कोणत्या गावात असू, एवढा एकच प्रश्न लेखी विचारावा.

दुपारी एक, असे मी म्हणालो, कारण इजिप्तच्या उन्हाळी घड्याळानुसार लक्सरची खग्रास अवस्था एक वाजून पाच मिनिटांच्या आसपास आहे. आपल्याकडे तेव्हा साडेतीन वाजून गेलेले असतील. त्या क्षणी लक्सरच्या आकाशात सूर्य क्षितिजापासून सुमारे ८२ अंशांवर, म्हणजे जवळजवळ माथ्यावर असेल आणि तापमान चाळिशीच्या आगेमागे किंवा त्याहून वर असेल. बहुतेक परदेशी पाहुण्यांना हे दोन्ही नवे असेल, आपल्याला नाही. सोलापूरचा अक्षांश १७.७ अंशांच्या जवळ आहे, त्यामुळे मे महिन्याच्या मध्याला आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य दुपारी आपल्या बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. मे महिन्यातली भर दुपार, बेचाळीस अंशांचा पारा, कोरडी हवा आणि माथ्यावरचा सूर्य ही लक्सरच्या ग्रहणवेळेची इतकी जवळची प्रतिकृती आहे की तिचा उपयोग न करणे हा निव्वळ आळस ठरेल. माझा मुख्य सल्ला हाच आहे, की २०२७ च्या मे महिन्यात एका दुपारी बारा ते एक या वेळात आपल्या गच्चीवर किंवा होटगी तलावाच्या बांधावर सर्व सामानासकट पूर्ण तालीम करावी. जे काही बिनसायचे आहे ते तिथे बिनसू द्यावे.

या तालमीत पहिली गोष्ट लक्षात येते ती मानेची. माथ्यावरच्या सूर्याकडे उभ्याने किंवा खुर्चीत बसून दहा मिनिटेही पाहता येत नाही. आजींना तर ते मुळीच जमणार नाही. जाड चटई किंवा दुहेरी घडी केलेली सोलापुरी चादर आणि डोक्याखाली लहान उशी, असे आडवे होऊन पाहणे हाच उपाय आहे. लक्सरला सूर्य माथ्याच्या किंचित दक्षिणेला असेल, म्हणून डोके उत्तरेकडे आणि पाय दक्षिणेकडे करून आडवे व्हावे. उत्तरेकडे डोके करून झोपू नये हा घरोघरचा दंडक आजींनी या सहा मिनिटांपुरता बाजूला ठेवावा, कारण या स्थितीत पूर्व आपल्या डाव्या हाताला आणि पश्चिम उजव्या हाताला येते आणि त्याचा पुढे डोळ्यांच्या सुरक्षेसाठी थेट उपयोग होतो. चंद्र सूर्यासमोरून पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतो. म्हणून शेवटचा प्रकाशबिंदू डाव्या कडेला विझेल आणि खग्रास संपताना पहिला प्रकाश उजव्या कडेला फुटेल. उजव्या कडेला गुलाबी-लाल झालर जाड होऊ लागली, की चष्मा डोळ्यांवर घेण्याची वेळ आली असे समजावे.

चष्म्यांविषयी आता स्पष्ट लिहितो. आपल्या दृष्टिपटलावर वेदनेची जाणीव करून देणारे मज्जातंतू नसतात, त्यामुळे सूर्याकडे पाहून पेशी जळत असताना काहीच दुखत नाही. काही तासांनी दृष्टीच्या मधोमध अंधारी येते तेव्हा उशीर झालेला असतो. योग्य चष्मा सूर्याच्या दृश्य प्रकाशाचा लाखातला जेमतेम एक भाग आत येऊ देतो आणि अवरक्त व अतिनील किरणही अडवतो. त्यावर आयएसओ १२३१२-२ हे मानक छापलेले असावे. पण छापणे कोणालाही शक्य असल्याने खात्रीच्या विज्ञान संस्थेकडून किंवा जुन्या, नावाजलेल्या उत्पादकाकडूनच ते घ्यावेत. घरी तपासण्याची रीत सोपी आहे. चष्मा लावून खोलीतल्या ट्यूबलाइटकडे पाहावे. काहीही दिसता कामा नये. मोबाइलचा टॉर्च अगदी जवळ धरला तर अंधुक ठिपका दिसला तरी चालतो. फिल्मवर ओरखडा, टाचणीएवढे भोक किंवा घडीची रेघ असेल तर तो चष्मा फेकून द्यावा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत वेल्डिंगची काच सहज मिळते म्हणून अनेक जण ती वापरतात. पण नेहमीच्या कामाची दहा-अकरा क्रमांकाची काच सूर्यासाठी पुरेशी नसते, चौदा क्रमांकाचीच लागते. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, एकावर एक घातलेले गॉगल आणि सीडी यांपैकी काहीही चालत नाही. परातीतल्या हळदीच्या पाण्यात ग्रहण पाहण्याची जुनी पद्धतही सुरक्षित नाही, कारण पाण्याचा पृष्ठभाग शंभरातले दोनेक भाग प्रकाश परत फेकतो आणि ते प्रमाण सुरक्षित प्रमाणाच्या हजारपटींनी जास्त आहे.

लहान मुलाच्या चष्म्याला मागून इलॅस्टिक शिवून घ्यावे, कारण कागदी चष्मा आडव्या स्थितीत नाकावरून हमखास घसरतो. ज्यांना नंबरचा चष्मा आहे त्यांनी ग्रहणाचा चष्मा त्यावरूनच लावावा. दुर्बीण न्यायची असेल तर सौर गाळणी (सोलर फिल्टर) तिच्या पुढच्या, मोठ्या भिंगांवर घट्ट बसली पाहिजे. ग्रहणाचा चष्मा लावून उघड्या दुर्बिणीतून पाहणे अत्यंत घातक आहे. एकवटलेला प्रकाश त्या फिल्मला क्षणात भोक पाडतो.

प्रत्यक्ष सूर्याकडे पाहायचेच नसेल, तर खंडग्रास अवस्थेत आजींना सावलीत बसून सारे पाहता येईल अशी एक युक्ती आहे. एका छोट्या आरशावर कागद चिकटवून त्यात करंगळी जाईल एवढे भोक ठेवावे आणि तो उन्हात धरून परावर्तित प्रकाश सावलीतल्या पांढऱ्या भिंतीवर पाडावा. भिंत दहा मीटरवर असेल तर सूर्याचे सुमारे नऊ सेंटिमीटरचे बिंब मिळते आणि त्यात चंद्राने घेतलेला चावा स्पष्ट दिसतो. घरातली पुरणाची चाळण बॅगेत टाकायला विसरू नये. तिच्या प्रत्येक भोकातून जमिनीवर एकेक चंद्रकोर उतरते आणि आठ वर्षांच्या मुलाला त्या दीड तासात गुंतवून ठेवायला ती पुरते.

त्या दीड तासाविषयी आणि पुढच्या सहा मिनिटांविषयी आता क्रमाने सांगतो. आपल्या सोलापुरातून निघणाऱ्या पंचांगात ग्रहणाच्या पानावर स्पर्श, संमीलन, मध्य, उन्मीलन आणि मोक्ष असे शब्द असतात. तेच शब्द मुलांना शिकवावेत. स्पर्श म्हणजे ग्रहणाची सुरुवात, उन्मीलन म्हणजे झाकलेला सूर्य पुन्हा उघडू लागणे आणि मोक्ष म्हणजे ग्रहण सुटणे. स्पर्शापासून संमीलनापर्यंत, म्हणजे सूर्य पूर्ण झाकला जाईपर्यंत चष्मा सक्तीचा आहे. पहिला तासभर फारसे काही घडत नाही आणि लोक कंटाळतात. खरी गडबड शेवटच्या पंधरा मिनिटांत सुरू होते. उन्हाचा रंग पोलादी होतो, सावल्यांच्या कडा चमत्कारिक धारदार होतात, वारा पडतो किंवा दिशा बदलतो, तापमान काही अंशांनी उतरते. पांढरी चादर जमिनीवर अंथरून ठेवली असेल तर खग्रासाच्या अगोदर मिनिटभर तिच्यावरून सरपटत जाणारे फिकट-गडद पट्टे दिसण्याचा संभव असतो. वातावरणातील थरथरीमुळे ते उमटतात, पण दर वेळी दिसतातच असे नाही. चंद्राची सावली वायव्येकडून ताशी दोन हजार किलोमीटरहून अधिक वेगाने येईल. नाईलच्या पश्चिम काठावरच्या डोंगरांपलीकडचे आकाश आधी काळवंडेल.

मग चंद्राच्या कडेवरच्या दऱ्यांमधून झिरपणारे प्रकाशाचे मणी, त्यातला शेवटचा एक मणी आणि हिऱ्याची अंगठी. ती विझली, चष्म्यातून पूर्ण अंधार झाला, की ठरवलेल्या एकाच व्यक्तीने मोठ्याने सांगावे, ‘काढा’. या क्षणी चष्मे काढलेच पाहिजेत. भीतीपोटी खग्रासातही चष्मा न काढणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांना काळ्या फिल्मखेरीज काहीही दिसलेले नाही. खग्रास अवस्था उघड्या डोळ्यांनी पाहणे पूर्णपणे सुरक्षित आहे, कारण प्रभामंडळाचा एकूण प्रकाश पौर्णिमेच्या चंद्राच्या आसपास असतो. पहिले मिनिट फक्त सूर्य पाहावा. दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटात दुर्बीण घ्यावी. चंद्राच्या काळ्या कडेवर गुलाबी ज्वालांच्या जिभा दिसतील आणि प्रभामंडळाचे तंतू चुंबकीय क्षेत्राच्या रेषांप्रमाणे वळलेले दिसतील. मग दुर्बीण खाली ठेवून आकाश पाहावे. शुक्र त्या दिवशी सूर्याच्या अगदी जवळ, काही अंशांवरच असेल. त्यानंतर उठून बसावे आणि क्षितिजावर चहूबाजूंना पसरलेला संध्याकाळचा तांबूस रंग पाहावा. हे चारही दिशांचे क्षितिज पाहायला बहुतेक जण विसरतात. पाचव्या मिनिटाला पुन्हा आडवे व्हावे आणि सहा मिनिटांचा इशारा झाला की चष्मे हातात घ्यावेत. दुर्बीण डोळ्याला असताना उन्मीलन होऊ देणे ही सर्वांत धोक्याची चूक आहे, म्हणून पाचव्या मिनिटानंतर दुर्बिणीला हात लावायचा नाही असा नियमच करावा. हे सगळे इशारे मोबाइलवर आपल्याच आवाजात आधी ध्वनिमुद्रित करून ठेवले, तर इशारे देणाऱ्या माणसालाही ग्रहण पाहता येते. मे महिन्याच्या तालमीत हे ध्वनिमुद्रण चालू ठेवून मुलांकडून ‘काढा’ आणि ‘लावा’ इतक्यांदा करून घ्यावे, की ते विचार न करता होऊ लागेल. फक्त तालमीत सूर्य पूर्ण उघडा असतो, हे मुलांना बजावून सांगावे आणि ‘काढा’ म्हटल्यावर त्यांचे तोंड जमिनीकडे असेल याची खात्री करावी.

तालमीवर मी इतका भर देतो याला आपल्याच जिल्ह्यातला एक दाखला आहे. २२ जानेवारी १८९८ चा खग्रास पट्टा महाराष्ट्रावरून गेला, तेव्हा अमेरिकेतील लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल यांनी आपला तळ करमाळा तालुक्यातील जेऊर येथे ठोकला होता. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांनीही तिथूनच निरीक्षणे केली. त्याच ग्रहणासाठी नॉर्मन लॉकियर विजयदुर्गावर उतरले होते. मुंबई-सोलापूर रेल्वेने जाताना आपण ज्या स्थानकाकडे मान वळवूनही पाहत नाही, तिथे कॅम्पबेल यांच्या चमूने चाळीस फूट लांबीचा कॅमेरा उभारला होता आणि खग्रास अवस्था होती सुमारे दोन मिनिटांची. त्या काळच्या मोहिमांत घड्याळ मोजणारा, काचेची पट्टी बदलणारा, झाकण काढणारा अशी प्रत्येकाला एकच कामगिरी नेमून दिलेली असे आणि कित्येक दिवस आधीपासून सेकंदांच्या हिशेबाने तालमी होत. इतक्या तयारीची गरज तज्ज्ञांना वाटत होती, तर हौशी माणसाने ऐनवेळी सुचेल त्यावर विसंबू नये.

कॅमेऱ्याच्या प्रश्नाचे माझे उत्तर कदाचित आपल्याला रुचणार नाही. आपले हे पहिलेच खग्रास आहे, म्हणून मोठी लेन्स घरी ठेवावी. उत्तम छायाचित्रे त्या दिवशी शेकडो लोक काढतील आणि ती आपल्याला पाहायला मिळतील. आपले सहा मिनिटांचे पाहणे मात्र दुसरे कोणी करू शकत नाही. एक जुना मोबाइल छोट्या स्टँडवर लावून त्याचे तोंड सूर्याकडे न करता कुटुंबाकडे आणि क्षितिजाकडे करावे आणि खग्रासाच्या पाच मिनिटे आधी व्हिडिओ सुरू करून विसरून जावे. नंतर तोच पुन्हा पुन्हा पाहिला जातो, असे माझे निरीक्षण आहे.

तरीही लेन्स न्यायचीच असेल, तर काही गोष्टी माहीत असू द्याव्यात. खंडग्रासात लेन्सच्या पुढे सौर गाळणी हवी आणि संमीलनाच्या क्षणी ती काढावी लागते, नाहीतर चित्रात काळोखच उमटतो. प्रभामंडळाचा आतला भाग आणि बाहेरचे तंतू यांच्या तेजात इतका फरक असतो की एका चित्रात दोन्ही मावत नाहीत. कॅमेऱ्याची संवेदनशीलता आयएसओ २०० आणि लेन्सचे छिद्र एफ ८ धरले तर सेकंदाच्या हजाराव्या भागापासून पूर्ण एका सेकंदापर्यंत टप्प्याटप्प्याने चित्रे घ्यावी लागतात. सूर्य दर दोन मिनिटांत स्वतःच्या व्यासाइतका सरकतो, म्हणजे सहा मिनिटांत तीन व्यास. मोठ्या लेन्सच्या चौकटीतून तो निसटणार. शिवाय माथ्याकडे रोखलेल्या कॅमेऱ्याच्या खिडकीत डोळा घालणे अशक्य असते आणि साधा ट्रायपॉड त्या कोनात लेन्सचे वजन पेलत नाही. या सगळ्याची चाचणी सोलापुरातच होते. हिवाळ्यातील पौर्णिमेचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास आपल्याकडे जवळजवळ माथ्यावर येतो. त्याचा आकार सूर्याएवढाच दिसतो. गच्चीवर त्याची चित्रे सलग सहा मिनिटे, मान न अवघडता, चौकट न चुकवता घेता आली तर लेन्स न्यावी.

आता आजींविषयी. २ ऑगस्ट २०२७ ला आषाढ अमावास्या, म्हणजे दिव्यांची आवस आहे आणि घरात वेध पाळण्याची पद्धत असेल तर त्या अन्न-पाणी वर्ज्य करू म्हणतील. श्रद्धेवर वाद घालण्याची ही जागा नाही. परंतु ग्रहणात अन्न दूषित होत नाही, गर्भावर परिणाम होत नाही आणि सूर्यापासून त्या वेळी कोणतेही जादा किरण येत नाहीत, हे मी निःसंदिग्धपणे सांगतो. आणि भौतिक बाजू अशी, की चाळीस अंशांच्या कोरड्या हवेत सत्तरीच्या व्यक्तीने सकाळपासून पाणी न पिणे हा ग्रहणाचा नव्हे, उष्माघाताचा धोका आहे. खाणे टाळायचे असेल तर टाळावे. पाणी आणि ओआरएस मात्र घेतलेच पाहिजे, हे निघण्यापूर्वीच घरी बोलून ठरवावे, तिथे गेल्यावर नाही. छत्री, ओले उपरणे, नेहमीची औषधे आणि सावलीत बसण्याची पक्की सोय यांची आखणी आधी करावी. आजींनी उघड्यावर यायचे ते फक्त शेवटच्या दहा मिनिटांपुरते.

वेळापत्रकाबाबत एवढेच, की मुक्कामाचे आरक्षण सर्वांत आधी, विमान त्यानंतर, चष्मे निदान सहा महिने आधी आणि व्हिसाचे नियम त्या त्या वेळी इजिप्तच्या अधिकृत संकेतस्थळावरून पाहावेत. ग्रहणानंतर लगेच निघू नये. खग्रास संपताच सारी गर्दी एकाच वेळी रस्त्यावर येते आणि नाईलच्या दोन्ही काठांना मोजकेच रस्ते आहेत. मोक्षापर्यंत तिथेच थांबावे आणि मुलांना जे दिसले ते त्याच तासात वहीत काढायला लावावे, इतरांची छायाचित्रे पाहण्याच्या आधी.

आणि खर्चाचा मेळ बसलाच नाही, तर २० मार्च २०३४ चे खग्रास जम्मू-काश्मीर आणि लडाखच्या भागावरून जाणार आहे. मुले तोवर पंधरा आणि वीस वर्षांची होतील. ते ग्रहण तिथे सायंकाळकडे, सूर्य पश्चिमेला कललेला असताना होईल, त्यामुळे माथ्यावर पाहण्याचा त्रास नाही, पण अरुंद दरीत पश्चिमेचा डोंगर सूर्याला आधीच झाकून टाकू शकतो. जागा निवडताना मार्चमधल्या ढगांबरोबरच पश्चिमेचे क्षितिज किती उघडे आहे, हे आदल्या वर्षी त्याच तारखेच्या सुमारास, त्याच वेळी तिथे उभे राहून पाहून यावे.